तिसरी निगेटिव्ह

१

दर सोमवारी सकाळच्या एस.टी.नं भुजंग जाधव परभणीहून निघायचा. पोखर्णीच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरायचा आणि कॅमेऱ्याची पिशवी आणि लाकडी स्टँड खांद्याला लावून आत गावाकडं चालत जायचा. गावाचं नाव इथं सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

काम चांगलं होतं. गावात नळयोजना आली होती, पाण्याची उंच टाकी बांधायची होती, आणि सरपंच व्यंकटरावांच्या डोक्यात एक कल्पना बसली होती. "उद्घाटनाला पाहुणे येतील, हार घालून घेतील, जातील," ते भुजंगला म्हणाले होते. "त्यात काय मजा? पडद्यावर टाकी जमिनीतून वर येताना दिसाया पाहिजे. पोरगं वाढावं तशी. आधी पाया, मग खांब, मग वरलं टिपाड. जमंल का तुमाला?"

भुजंग जमेल म्हणाला. एकाच जागेवर स्टँड लावायचा, ठरल्या वेळेला, ठरल्या चौकटीत फोटो घ्यायचा. काम संपलं की सगळ्यांच्या स्लायडी करून भराभर दाखवायच्या. चावडीच्या ओट्यावर स्टँडच्या पायांसाठी त्यानं चुन्याच्या खुणा करून घेतल्या.

अडचण होती ती उजेडाची. टाकीची जागा गावाच्या खालच्या अंगाला, मागं सगळं उघडं आभाळ, आणि उजव्या हाताला एक जुना दाट लिंब. आभाळ धरावं तर लिंबाखालचं सगळं काळं ठिक्कर. लिंबाखालची सावली धरावी तर आभाळ पांढरं फटक. माणसाचा डोळा दोन्ही एकदम बघतो, फिल्मला ते जमत नाही. म्हणून भुजंग लागोपाठ तीन फोटो घ्यायचा. पहिला झटक्यात, आभाळासाठी. दुसरा बांधकामासाठी. तिसऱ्याला लेन्स चांगली उघडी ठेवायची, सावलीसाठी. मग डार्करूममध्ये तिन्ही निगेटिव्ह एकाच कागदावर छापायच्या, पुठ्ठ्याचे आडोसे धरून, आभाळ एकीतलं, खांब दुसरीतले, सावली तिसरीतली. जोड दिसू नये म्हणून उजेडाच्या झोतात हात हलवत राहायचा. परभणीत हे काम त्याच्याइतक्या सफाईनं दुसरा कोणी करत नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी व्यंकटरावांनी विचारलं होतं, "जाधव म्हंजी कुठले?"

"जिंतूर तालुक्यातले."

"आमची मावशी तिकडंच दिल्याली. मग घरचेच की तुमी! चला, जेवून घ्या."

त्यांच्या मंडळींनी, कमलबाईंनी, त्याला आतल्या घरात पाट मांडला, गरम भाकरीवर तुपाची धार सोडली. भुजंग खोटं काही बोलला नव्हता. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही आणि त्यानं उत्तर दिलं नाही, एवढंच. जिंतूरकडच्या त्याच्या गावात जाधवांची दोन आळ्यांत घरं होती. भुजंगचं घर ज्या आळीत होतं तिथं विहाराचा निळा झेंडा होता. त्या दिवशी भाकरीचा प्रत्येक घास त्याला पाण्याबरोबर उतरवावा लागला. तरी जेवला. पुढच्या सोमवारीही जेवला.

२

परभणीतल्या त्याच्या स्टुडिओच्या मागची खोली म्हणजे त्याची डार्करूम. खिडकीला काळा कागद, वर लाल बल्ब, आणि दुपारी अशी उकड की अंगातला सदरा काढून काम करावं लागे. पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशीच्या निगेटिव्ह त्यानं तारेला चिमट्यांनी लावल्या आणि एकेक उजेडासमोर धरून बघितली.

पहिली ठीक होती. दुसरीही ठीक. तिसरीत लिंबाच्या खाली एक तिरकी सरळ रेघ होती.

ओरखडा असेल असं त्याला वाटलं. पण ओरखड्याला धार असते, या रेघेला जाडी होती. मग वाटलं, गवंड्यांनी बांबू टेकवून ठेवला असेल. त्यानं ती निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापली. कागद औषधात बुडवला, चिमट्यानं हलवत राहिला, आणि लिंबाची सावली हळूहळू वर आली तशी ती रेघही आली. ती बांबूची नव्हती. उतरत्या छपराची वळचण होती.

लिंबाखाली घर नव्हतं. भुजंगनं सकाळी त्याच सावलीत उभं राहून घाम पुसला होता. तिथं तण होतं, चार दगड होते आणि कुणाचीतरी म्हैस बसली होती. आणि हे तीन फोटो एका दमात घेतलेले होते. पहिल्या दोन्हीत वळचण नव्हती. पण पहिल्या दोन्हीत सावलीतलं काहीच दिसत नव्हतं, हेही खरं.

फिल्म शिळी असेल, असं म्हणून त्यानं पुठ्ठा कापला, तेवढी जागा झाकली आणि दुसऱ्या निगेटिव्हमधली थोडी जमीन तिथं भरून टाकली. जोड कुठं दिसला नाही.

३

पुढच्या सोमवारी स्टँड लावण्याआधी तो लिंबाकडं गेला. पायानं तण बाजूला केलं. चार दगड म्हणून जे त्याला दिसले होते ते एका ओळीत होते, आणि ती ओळ पुढं काटकोनात वळत होती. कुठल्यातरी घराचं जोतं.

"काय हुडकायलास रं?"

बांधावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर सरपणाची मोळी, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला.

"काई न्हाई, माय. उजेड बघायलो फोटूसाठी."

"टाकीचा फोटू?"

"हां."

"त्यात लिंब येतंय?"

"येतंय की."

म्हातारीनं मोळी खाली टाकली. "मव्हं घर व्हतं त्याच्या बुडाला," ती म्हणाली. "तू उभा हाईस ना, तिथं चूल."

भुजंग नकळत बाजूला सरकला.

तिचं नाव पंचफुला. तिनं जे सांगितलं ते कुणी गाऱ्हाणं सांगावं तसं सांगितलं नाही; रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडं पेटलं तेव्हा, या गावातली त्यांची वस्तीही पेटली. "आमी समदे जवारीत जाऊन बसलो व्हतो. शेळीचं करडू आत बांधलेलं ऱ्हायलं. मव्हा ल्योक नागनाथ ते सोडाया माघारी गेला. आत गेलेला म्या बघितला. मंग धूर आला. भाहीर आलेला काई मला दिसला न्हाई." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पोलिसानं राख चाळली. हाडूक घावलं न्हाई. म्हणले, पळून गेला आसंल ममईला. आसंल बी."

वस्तीला नंतर लांब गायरानात जागा दिली. जुनी जागा तशीच पडून राहिली, आणि आता तिथं टाकी व्हायची होती.

"तुव्हं गाव कोनचं, बाबा?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"परभणी."

"त्याच्या आदूगरचं?"

भुजंगनं आभाळाकडं बघितलं. "उजेड जायलाय, माय," तो म्हणाला आणि ओट्याकडं चालू लागला. उजेड कुठं जात नव्हता. ऊन नुकतं कुठं वर आलं होतं, आणि त्याची पाठ त्या उन्हानं भाजावी तशी भाजत होती.

४

त्या दिवशीच्या तिसऱ्या निगेटिव्हमध्ये वळचणीखाली भिंत होती. भिंतीत दार होतं, अर्धं उघडं.

भुजंगनं तो छाप बाहेर उजेडात आणला आणि भिंगातून बघत बसला. भ्यायला झालं ते घरामुळं नाही. भ्यायला झालं ते घराच्या सावलीमुळं. फोटो सकाळचा होता. लिंबाची, खांबांच्या गजांची, वाळूच्या ढिगाची, सगळ्यांची सावली एका अंगाला पडली होती. घराची उलट्या अंगाला पडली होती. तिथं दुपार कलली होती.

त्यानं परभणीच्या बाजारातून नवी फिल्म आणली. औषधं ओतून टाकली, नवी कालवली. शेवटी ओळखीच्या फोटोग्राफराचा दुसराच कॅमेरा मागून नेला. खांब वर चढत गेले, त्यांना परांच्या लागल्या, गवंडी त्यांवर मुंग्यांसारखे दिसू लागले. आणि दर खेपेला तिसऱ्या निगेटिव्हमध्ये ते घर होतं. त्याची सावली मात्र दर खेपेला बोटभर लांबत होती. टाकीच्या बाजूला आठवडा सरायचा तेव्हा घराच्या बाजूला थोडाच वेळ सरायचा, पण सरायचा.

एके दिवशी त्याची बायको रुख्मिणी छाप धुवायला पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये तो छाप पडला होता. ती वाकली.

"हे कुणाचं घर?"

इतके दिवस आपल्याच नजरेत काहीतरी बिघाड आहे, अशी त्याला आशा होती.

"घर हाय का त्यात?"

"म्हंजी? दिसंना का तुमाला? आपल्या आत्याच्या घरासारखं हाय, उतरतं." तिनं ओल्या बोटानं छापाला हात न लावता जागा दाखवली. "अन् हितून धूर निघायलाय की. वळचणीतून. चुलीचा न्हाई हा."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. रुख्मिणी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईला दाखवलं?"

"काय दाखवू? लोकं येडा म्हणतील."

"लोकं म्हणजी सरपंच ना?"

तो चिमट्यानं ट्रेमधला छाप हलवू लागला.

"त्यांच्या घरी जेवता तुमी," रुख्मिणी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दर सोमवारी डबा भरलेलाच माघारी येतो. मला काय कळत न्हाई का?"

५

टाकीचं टिपाड ओतून झालं आणि व्यंकटराव परभणीला काही कामाला आले, तेव्हा स्टुडिओत डोकावले. भुजंगनं जोडून तयार केलेले छाप त्यांच्यापुढं मांडले. ते खूष झाले. एकेक उचलून लांब धरत होते, जवळ धरत होते. अचानक एका छापावर थांबले.

"हे लिंबाखाली काळं कशाचं?"

भुजंगनं बघितलं. त्या छापात त्यानं जागा झाकलेली होती. तरी तिथं एक डाग होता, दाराएवढा.

"सावली हाय, साहेब."

"काढून टाका." व्यंकटरावांनी छाप खाली ठेवला. "मोकळी जागा मोकळीच दिसू द्या. काई लोकं उगंच बयान देत फिरायलेत की तिथं आमची घरं व्हती, अमकं व्हतं. तिथं काय नव्हतं." मग खिशातून रुमाल काढून मान पुसत ते म्हणाले, "त्या दिवशी मी गावात नव्हतोच. पाथरीला गेलो व्हतो."

भुजंगनं त्या दिवसाचं काही विचारलं नव्हतं.

"करतो साफ," तो म्हणाला.

त्यानं केलं. आडोसे नव्यानं कापले, कागदामागून कागद घेतले, आणि उजेडाच्या झोताखाली तळहात धरून लिंबाखालची जागा पुसत राहिला. हात हलवायचा, धरायचा, हलवायचा. बोटांमधून उजेड गळू नये म्हणून बोटं घट्ट मिटायची. आजवर कितीतरी लग्नांतल्या नवऱ्यामुलींच्या गालांवरचे वण त्यानं असे पुसले होते आणि त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र त्याला वाटू लागलं की हाताखाली ऊब लागते आहे. वरच्या एन्लार्जरचा, म्हणजे छाप मोठा करायच्या यंत्राचा, बल्ब तापतो, हे त्याला माहीत होतं. पण ही ऊब खालून येत होती, कागदाकडून.

६

टाकीला चुना मारला त्या सोमवारी पंचफुलाबाई ओट्याखाली येऊन उभी राहिली. भुजंगनं तिसरा फोटो घेऊन लेन्स झाकली, तोवर ती बोलली नाही.

"सोमवारी सोमवारी तू हितं येतूस," ती मग म्हणाली. "लिंबाकडं बघत ऱ्हातूस. काई दिसतंय का तुला?"

व्यंकटराव बाजूलाच खुर्ची टाकून बसले होते, चुना मारणाऱ्यांवर नजर ठेवून. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचा पाय हलायचा थांबला.

"न्हाई, माय," भुजंग म्हणाला. "काय दिसणार?"

ती गेली. व्यंकटरावांचा पाय पुन्हा हलू लागला. "जरा सरकलेली हाय बिचारी," ते म्हणाले. "चला, जेवण थंड व्हायलंय."

त्या दिवशीच्या तिसऱ्या निगेटिव्हमध्ये दारात माणूस होता. पाठमोरा, कमरेत वाकलेला, एक पाय उंबऱ्याच्या आत. सदऱ्याची पाठ घामानं अंगाला चिकटलेली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं आणि पांढऱ्याचं काळं; छपराच्या कोपऱ्यात एक मिट्ट काळा ठिपका होता. छापला की तो पांढरा झाला. आग होती ती.

रुख्मिणीनं छाप बघितला आणि तोंडावर पदर धरला. "ह्याच्या पुढचा फोटू कव्हा?" तिनं विचारलं.

"आता फोटू न्हाई. काम झालं. शनिवारी उद्घाटन."

"मग जा ना उद्या. एक अजून काढा. त्या माउलीला तेवढं तरी कळू द्या."

"बघतो," भुजंग म्हणाला. दुसऱ्या दिवशी, स्लायडी तयार करायच्या आहेत, कामाच्या गडबडीत जायला जमलं नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं तर दिवसभर त्याच्या हाताला काम नव्हतं. स्टुडिओच्या दारात खुर्चीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली बघत होता.

७

उद्घाटन उरकलं तेव्हा दिवस मावळत होता. हार झाले, भाषणं झाली, पाहुण्यांनी नळ सोडला आणि टाळ्या पडल्या. मग टाकीच्याच दोन खांबांना पांढरी चादर ताणून बांधली. मांडवातले दिवे मालवले. लोकांच्या मधोमध टेबलावर प्रोजेक्टर होता, भुजंगनं शाळेतून मागून आणलेला. त्याचा पंखा घरघरत होता. मांडवाच्या बाहेर, दोरीच्या पलीकडं, गायरानातली माणसं उभी होती. त्यांच्या वस्तीला नळ अजून जायचा होता. पण फुकटचा पडदा कुणालाही बघावासा वाटतो.

पहिली स्लाइड पडली. उघडी जमीन, आभाळात कापसासारखे ढग, उजवीकडं लिंब, आणि लिंबाखाली साफ, मोकळी सावली. भुजंगनं श्वास सोडला. दुसरी. तिसरी. पाया भरला, गज उगवले, खांब चढले. लोक हसत होते, गवंड्यांना नावानं ओळखत होते. "आरं, सटवाजी बघ, शिडीवर!" टाकी खरंच वाढत होती. पोरगं वाढावं तशी.

मग त्याला वाटलं, चादरीला उजवीकडं सुरकुती पडली आहे. तिरकी, सरळ.

त्यानं भराभर पुढच्या स्लायडी सरकवल्या. सुरकुती तिथंच होती. तिच्याखाली भिंत आली. त्यानं स्वतःच्या हातानं पुसलेली, कागदावर नसलेली, स्लाइडमध्ये नसलेली भिंत. बाकीच्यांची नजर टाकीवर होती. लिंबाखाली काय आहे ते बघायला तिथं कोणाला काही काम नव्हतं. व्यंकटराव पाहुण्यांच्या कानाशी लागून काही सांगत होते. भुजंगचा हात थांबला. आता तो स्लाइड बदलत नव्हता. पांढरीशुभ्र टाकी, शेवटचं चित्र, पडद्यावर स्थिर होतं. आणि स्थिर चित्रात लिंबाखाली धूर हलत होता. छपराचा कोपरा उजळला. पाठमोरा माणूस उंबऱ्याच्या आत गेला. दार काळं झालं.

"नागनाथ!"

आवाज मागून आला, दोरीच्या पलीकडून. "नागनाथ, सोड ते करडू! भाहीर ये रं बाबा, भाहीर ये!"

सगळ्या मांडवानं माना मागं वळवल्या. खुर्च्या सरकल्या. मधे माणसं उभी राहिली, आणि पंचफुलाबाई त्यांच्या डोक्यांवरून, खांद्यांआडून बघायची धडपड करू लागली. पडद्याकडं तोंड करून तेवढा एक भुजंग राहिला.

काळ्या दारात आतून काहीतरी आलं. चौकटीला धरलं. हात होता तो. पाचही बोटं दिसावीत इतका स्पष्ट, चौकट घट्ट धरलेला. प्रोजेक्टरच्या पंख्याच्या आवाजातून भुजंगला दुसरा एक आवाज ऐकू आला असं वाटलं, वाळकं गवत पेटतं तसा; आणि त्याच्या नाकात करपलेल्या केसांचा वास शिरला. व्यंकटराव खुर्चीवरून उठून त्याच्याकडं बघत होते. अजून ते पडद्याकडं वळले नव्हते. क्षणात वळले असते.

भुजंगनं बटण दाबलं.

अंधार झाला.

"काय झालं हो, जाधव?" व्यंकटरावांचा आवाज.

"बल्ब गेला, साहेब."

मांडवातले दिवे लागले. चादर पांढरी, रिकामी. "येडी हाय ती, घेऊन जा रे तिला," कुणीतरी म्हणालं, आणि गायरानातल्याच दोन बायांनी पंचफुलाबाईला दंडाला धरून नेलं. ती आता ओरडत नव्हती. जाताना मान वळवून ती पडद्याकडं बघत नव्हती. भुजंगकडं बघत होती.

८

घरी आल्यावर त्यानं सगळ्या स्लायडी दिव्यासमोर धरून बघितल्या. मोकळी सावली. मग तिसऱ्या निगेटिव्ह काढल्या, एकूण एक. तण, चार दगड, एकीत बसलेली म्हैस. वळचण नाही, भिंत नाही, दार नाही. रुख्मिणीनंही बघितल्या. मग तिनं त्या पाकिटात परत घातल्या.

सोमवारी तो एस.टी.नं निघाला तेव्हा त्याच्याजवळ काम नव्हतं. तरी कॅमेरा होता. त्यानं लिंबाचा फोटो घेतला, लेन्स उघडी ठेवून, पुन्हा आणि पुन्हा, रोल संपेपर्यंत. नंतर धुतला तेव्हा त्यात लिंब होता, टाकीच्या खांबांमागं. बाकी काही नव्हतं. पण त्या दिवशी ते अजून कळायचं होतं, म्हणून थोड्या आशेनंच तो गायरानात गेला.

पंचफुलाबाई दारात बसून तुरीच्या काड्या निवडत होती. त्याला बघून तिला नवल वाटलं नाही. आत जाऊन तिनं तांब्याभर पाणी आणि गिलास आणला. भुजंगनं गिलास तोंडाला लावला आणि सवयीनं त्याची नजर रस्त्याकडं गेली.

"हितं कोन बघायला न्हाई," ती म्हणाली. "निवांत पी. पयल्याच दिवशी वळखलं व्हतं म्या तुला. सरपंचानं दिलेलं पानी चावडीच्या ओट्यावर तू असंच बघत पेला व्हतास."

त्याला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं की कशाचं, त्याला सांगता आलं नसतं. पंचफुलाबाईनं ठसका थांबू दिला. मग तिनं विचारलं.

"मला डोस्क्यांच्या आडून नीट दिसलं न्हाई. तू म्होरं व्हतास. आला का त्यो भाहीर?"

काही दिसलं नाही असं म्हणता आलं असतं. आला म्हणूनही सांगता आलं असतं. रात्रभर त्यानं तेच घोकलं होतं.

"हात दिसला," तो म्हणाला. "चौकटीला धरलेला."

म्हातारीच्या हातातली काडी थांबली. "मोकळा व्हता हात? का करडू व्हतं?"

"मोकळा."

"मंग?"

"मंग मी दिवा बंद केला."

गायरानात वारा नव्हता. लांब, गावाच्या डोक्यावर, टाकी उन्हात इतकी पांढरी दिसत होती की तिकडं बघवत नव्हतं.

"कामून केला?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

भुजंगनं बल्बचं नाव तोंडावर येऊ दिलं नाही. सरपंच उठले होते, पाहुणे होते, माझं नाव गेलं असतं, स्टुडिओ गेला असता, अशी सगळी कारणं त्याच्याजवळ होती, आणि तिच्या दारात उभं राहून त्यांतलं एकही उचलता येईना.

"भेलो, माय," तो म्हणाला.

पंचफुलाबाईनं हातातली काडी निवडलेल्यांत टाकली.

"त्या दिवशी बी समदे भेलेच व्हते," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला गिलास घेऊन आत गेली.